सर्वसंमतीची हवा

विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, त्याच आठवड्यात एका वरिष्ठ लिपिकांनी आपल्या गाडीला नवी चाकं बसवून घेतली. जुन्या चाकांना काहीही झालेलं नव्हतं. परंतु साहेबांच्या खिडकीतून कर्मचाऱ्यांच्या गाड्या दिसत, आणि साध्या चाकांवर फिरणाऱ्या माणसाच्या हाती विभाग सोपवावा, असं कोणत्याही साहेबाला वाटणं कठीण होतं. नवी चाकं मोठी, रुंद आणि चकचकीत होती. त्यांच्यावरचा टायर नावापुरता होता.

मग प्रश्न उभा राहिला, यांच्यात हवा किती भरायची? गाडीच्या दारावर एक आकडा चिकटवलेला होता, पण तो जुन्या चाकांचा. गाडी विकणारे म्हणाले, "बाहेरची चाकं बसवलीत ना? मग आमचा संबंध संपला." चाकं विकणारे म्हणाले, "आम्ही चाकं विकतो. हवेचं ज्याचं त्यानं बघायचं."

"टायरवाल्या कंपनीला विचारा ना," बायको म्हणाली. "गाडीचं वजन आणि टायरचं माप सांगितलं की ते सांगतील."

"घरची माणसं असताना परक्याला विचारायचं? काय म्हणतील सगळे?"

सगळे काय म्हणतील, याच काळजीत लिपिकांची उभी नोकरी गेली होती. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ते 'बरोबर आहे' म्हणत, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव बरोबरराव पडलं होतं. त्यांना शत्रू नव्हता आणि बढतीही नव्हती. ही जागा हुकली तर निवृत्तीपर्यंत त्याच टेबलाशी बसायचं होतं.

तेव्हा त्यांनी रीतसर सल्ला घेतला. सासरे म्हणाले, "जावईबापू, चोवीस भरा. हवा मऊ हवी, माझी कंबर धरते." मेहुणा म्हणाला, "भाऊजी, चव्वेचाळीसच्या खाली उतरू नका. मी व्हिडिओ पाहिलाय." शेजारच्या काकांनी जन्मात गाडी चालवली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत ठाम होतं. "अठ्ठावीस. यावर मी वाद घालणार नाही," असं म्हणून ते जेवणवेळेपर्यंत वाद घालत बसले. आणि साहेब सह्या करता करता म्हणाले, "छत्तीस ठेवा." मान वर न करता सांगितलं, म्हणजे तो आदेशच झाला.

बरोबरराव चौघांनाही म्हणाले, "तुमच्या शब्दाबाहेर नाही." रात्रभर तळमळल्यावर त्यांना मार्ग सुचला. चाकं चार, मोठी माणसंही चार. पुढचं डावं चाक सासऱ्यांना दिलं, कारण ते तिथे बसत. साहेबलोक मागे डावीकडे बसतात, म्हणून त्या जागेखालचं चाक साहेबांचं. मागचं उजवं काकांकडे गेलं आणि उरलेलं मेहुण्याच्या पदरात पडलं.

"अहो, अशानं गाडी एकीकडे ओढेल," बायको म्हणाली.

"गाडीनं ओढलेलं परवडलं. माणसं दुखावली तर कुठे जाऊ?"

निवडीच्या दिवशी साहेब म्हणाले, "आज तुमच्याच गाडीनं मुख्य कार्यालयात जाऊ. वाटेत तुमच्या जागेचंही बोलता येईल." पण सासऱ्यांना त्याच वाटेवर डॉक्टरांना कंबर दाखवायची होती, काकांना बँकेत जायचं होतं आणि मेहुणा सहज आला होता. नाही म्हणणं बरोबररावांच्या रक्तात नव्हतं. साहेब आणि काकांच्या मधे मेहुणा कोंबला गेला.

"गाडी झकास चालते हो," साहेब म्हणाले. "छत्तीसचा गुण."

"छत्तीस?" सासरे मागे वळले. "चोवीस आहे. मी सांगितलीय."

"मग चव्वेचाळीस कोणाची?" मेहुण्यानं विचारलं. काकांनी अठ्ठावीसचा पुकारा केला. मग चौघंही बरोबररावांकडे बघू लागले.

"सगळ्यांचं बरोबर आहे," बरोबरराव म्हणाले. गाडी सारखी डावीकडे जात होती आणि स्टिअरिंग उजवीकडे धरून धरून त्यांचे हात भरून आले होते. मुख्य कार्यालयाच्या फाटकाशी डाव्या बाजूला एक खड्डा होता. गाडी त्यात स्वखुशीनं गेली. नव्या चाकाची कड वाकली, टायर बसला आणि सासऱ्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं.

दोष कोणाचा, यावर रस्त्यातच बैठक भरली. बरीच खडाजंगी झाल्यावर चौघांचं प्रथमच एकमत झालं, की दोष चालवणाऱ्याचा.

"बरोबर आहे," बरोबरराव म्हणाले. जागा गेली, हे त्यांना दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले.

साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "चार परस्परविरोधी सूचना तुम्ही तंतोतंत पाळल्यात. वर दोषही स्वतःकडे घेतलात. अहो, विभागप्रमुख याहून वेगळं काय करतो?" संध्याकाळच्या आत नेमणुकीचा आदेश निघाला.

गाडी सध्या स्टेपनीवर उभी आहे. स्टेपनीत किती हवा भरायची, हे कोणी सांगायला तयार नाही. चौघंही म्हणतात, आम्ही त्यातले नाही.

आता वाचकहो, इथवर वाचलंत म्हणजे तुमच्याही मनात एक आकडा आला असणारच. संकोच करू नका, सांगा. बरोबरराव नेमका तेवढाच भरतील. सासरे आता त्या चाकावर बसत नाहीत, तेव्हा पुढची ती जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.