बक हॅलोरनचा अजरामर पास

मृत्यूनंतर माणसाची वाढ थांबते, हा समज शास्त्राला धरून असला तरी अनुभवाला धरून नाही. हयात खेळाडूची कामगिरी आकड्यांना बांधलेली असते. तो एकदा गेला की हे निर्बंध शिथिल होतात आणि कामगिरी मोकळेपणाने वाढू लागते. बक हॅलोरन वारला त्या आठवड्यात पोर्ट ऑल्डर गावात ही वाढ विशेष समाधानकारक होती.

बक हा गावच्या स्टर्जन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा (हा फुटबॉल हाताने फेकतात) क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू ज्याच्या हाती आणि पराभव ज्याच्या माथी, असा इसम. गावातून तो दोनदा गेला. पहिल्यांदा केनमूरच्या संघात, जास्त पगारावर; तेव्हा गावाने त्याच्या नावाच्या जर्स्या चौकात जाळल्या. दुसऱ्यांदा देवाघरी, तेव्हा गावाने त्याच जर्स्या नव्याने विकत घेतल्या. (दोन्ही प्रसंगी दुकानदाराने गावाच्या भावना समजून घेतल्या.) पहिल्या वेळी काडी ओढली होती हार्लन स्कोगने. आता तो स्मृती समितीचा अध्यक्ष होता आणि नवी जर्सी त्याला पोटावर घट्ट होत होती.

शोकसभा रविवारी भर दुपारी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये भरली. उघड्या डिक्क्यांमध्ये बिअर, मध्ये फुलांत ठेवलेला बकचा फोटो आणि फोटोशेजारी सॉसेजची शेगडी. धूर फोटोकडे जाऊ नये असा समितीचा ठराव होता, पण वारा समितीचा सभासद नव्हता.

हार्लन पिकअप ट्रकच्या हौद्यात चढला, तेव्हा त्याची बायको बर्निस खालून म्हणाली, "आटोपतं घे हं. सॉसेज गार होतात."

"अगं, माणूस गेलाय!"

"म्हणूनच म्हणते. त्याला आता घाई नाही, आम्हाला आहे."

हार्लनने घसा खाकरला आणि बकचे थोर सामने सांगायला घेतले.

पहिला धुक्यातला. सरोवरावरून असं धुकं आलं होतं की प्रेक्षकांना मैदान दिसत नव्हतं आणि खेळाडूंना एकमेक. निकाल भोंग्यावरून कळला. असं असूनही, किंवा असं असल्यामुळेच, त्या दिवशीची बकची प्रत्येक हालचाल गावातल्या प्रत्येकाला तपशीलवार आठवते.

दुसरा बरगड्यांचा. बक मोडक्या बरगडीने खेळला आणि जिंकला. बरगडी त्या वेळी एक होती. तो निवृत्त झाला तेव्हा तीन झाल्या, मृत्युलेखात पाच. (मानवी शरीरात बरगड्या मर्यादित असल्याने ही वाढ कधीतरी थांबेल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.)

"आणि तिसरा," हार्लन म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच कापला, "बर्फातला."

पार्किंगमध्ये सगळ्यांनी टोप्या काढल्या. केनमूरविरुद्धचा सामना. गुडघाभर बर्फ, शेवटचे काही क्षण, स्टर्जन्स मागे. बकने चेंडू घेतला, दोन धिप्पाड केनमूरवाल्यांना हुलकावणी दिली आणि वाऱ्याच्या तोंडावर असा काही फेकला की तो मैदानाच्या त्या टोकाला आपल्या माणसाच्या कुशीतच जाऊन पडला. स्टेडियम उभं राहून ओरडत होतं, "बक! बक! बक! बक!" (मराठीत याला काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहेच.)

"असा पास पुन्हा होणे नाही," हार्लनने समारोप केला.

"खरंय," बटाट्याच्या सॅलडपाशी उभा असलेला एक म्हातारा म्हणाला. हातात कागदी बशी, अंगात स्टर्जन्सचं विटलेलं जाकीट. "खांदा धरला होता माझा नंतर महिनाभर."

"तुझा खांदा का?" हार्लनचा दोस्त ड्वेन शेगडीवरून म्हणाला.

"मीच फेकला ना तो. बकचा अंगठा दुखावला होता त्या दिवशी. तो बाकावर घोंगडी घेऊन बसला होता. मी ऑर्विल टिमेन्स. राखीव होतो."

सॉसेज जळू लागले आणि त्यांच्याकडे कोणी पाहीना, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

"काहीतरीच!" ड्वेन चिमटा रोखून म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलंय. बकचा चेहरा अजून समोर आहे माझ्या!"

"हेल्मेट होतं रे."

"मग पाठीवरचा नंबर?"

"बर्फ चिकटलं होतं."

"एवढं होतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो की. दर वर्षी बोलतो. तूच मागच्या वर्षी मला बिअर पाजून गप्प बसवलंस."

ड्वेनला ते आठवलं नाही. (समितीच्या कार्यकक्षेत ते बसतही नव्हतं.)

हार्लन हौद्यातून उतरला आणि म्हाताऱ्याला कोपराला धरून ट्रकमागे घेऊन गेला. समितीचा अध्यक्ष म्हणून तो दरडावणार होता, पण तोंडातून भलतंच आलं.

"हे बघ, त्या दिवशी माझा बाप होता माझ्याशेजारी. बाप कसा, तर हात मिळवायचा माझ्याशी. माझ्या लग्नातसुद्धा नुसता हात मिळवला. तो पास पडला आणि त्याने मला मिठी मारली. अशी, की टोपी पडली माझी. एकदाच. जन्मात एकदाच."

"मग मारली ना?"

"मारली. पण 'बक, बक' म्हणत मारली. आता तू म्हणतोस की बक नव्हताच. मग ती मिठी कसली?"

म्हाताऱ्याने बशीतलं सॅलड उगाच इकडून तिकडे सारलं. तो म्हणाला, "माझा बाप आला नव्हता त्या दिवशी. मी खेळणार नाही, असं मीच सांगितलं होतं त्याला."

मग तो बशी ट्रकच्या चाकावर ठेवून स्वतःच हौद्यात चढला. गुडघ्यांमुळे त्याला वेळ लागला. तेवढ्या वेळात ड्वेनने त्याला खाली ओढण्याची सूचना मांडली आणि दोघांनी तिला अनुमोदन दिलं.

"मी मैदानात होतो," म्हातारा म्हणाला. "तो पास माझ्याइतका जवळून कोणी पाहिला नाही. चेंडू बर्फाने जड झालेला, बोटं बधिर. सुटला तेव्हाच हाताला कळलं की हा जाणार." तो थांबला. हार्लनने डोळे मिटले. "म्हणजे बकच्या हाताला. त्याचाच होता तो. मी मघाशी चेष्टा केली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ड्वेनने त्याला सर्वांत कमी जळलेला सॉसेज दिला. बर्निसने मात्र टाळी वाजवली नाही. ती म्हाताऱ्याच्या उजव्या खांद्याकडे पाहत राहिली, मग त्याची बशी चाकावरून उचलून तिने पुन्हा भरली.

हार्लन पुढे झाला. त्याचे डोळे भरले होते. त्याने त्या म्हाताऱ्याला कडकडून मिठी मारली, बापाने मारली होती तशी, आणि भारावून त्याच्या कानात म्हणाला, "थँक्यू, बक."

सभेत एकमताने ठराव झाला की ज्या माणसाने तो पास इतक्या जवळून पाहिला, त्याचंही नाव बकच्या होऊ घातलेल्या पुतळ्याखालच्या पाटीवर बारीक अक्षरांत घालावं. ठराव लिहून घेताना हार्लनची लेखणी अडली. त्याने ड्वेनकडे पाहिलं, ड्वेनने शेगडीकडे. म्हातारा तोवर निघून गेला होता. शेवटी पाटीवर 'आणि सहकारी' असं घालण्याचं ठरलं.

पोर्ट ऑल्डरच्या या लोकांना आपण खुशाल हसावं. फक्त त्याआधी वाचकांनी एक करावं: वर न पाहता त्या म्हाताऱ्याचं नाव सांगावं. बकचं विचारलेलं नाही.