फुगीर डब्याची व्याख्या

अन्न नासतं, हे माणसाला फार पूर्वी कळलं. ते नासलेलं नाही असा कागद करता येतो, हे कळायला मात्र बरीच शतकं जावी लागली. या दोन शोधांच्या मधल्या जागेत डबाबंद अन्नाचे कारखाने उभे आहेत.

अशाच एका कारखान्यात एक गृहस्थ एकवीस वर्षं चमच्याने सूप खात होते. तीच त्यांची नोकरी. पदनाम ‘वरिष्ठ सहायक, चव व वास’, पण सगळे त्यांना चाखणीस म्हणत. पद्धत अशी होती की वाटाण्याच्या सूपचा प्रत्येक घाणा डब्यांत भरून, झाकणं बसवून, वाफेच्या भट्टीतून काढला की त्यातले बारा डबे नमुना-खोलीत ठेवायचे आणि दर दोन महिन्यांनी एक उघडायचा. चाखणीसांनी आधी वास घ्यायचा, मग एक चमचा तोंडात घ्यायचा, मग वहीत लिहायचं. डब्यावर दोन वर्षांची मुदत छापलेली असे आणि ती खरी आहे हे सांगण्याची जबाबदारी या एका जिभेवर होती. म्हणून ते तंबाखूच्या वाटेला गेले नाहीत आणि चहा निववून पीत. जिभेला फोड आला तर भरपगारी रजा मिळे (अर्जावर ‘कामाचे अवजार नादुरुस्त’ असं लिहावं लागे).

चारशे सतराव्या घाण्याचा पाचवा डबा घ्यायला ते गेले, तेव्हा त्याचं झाकण त्यांना जरा पोट सुटल्यासारखं दिसलं. त्यांनी अंगठ्याने दाबलं. झाकण टक् आवाज करून खाली बसलं आणि त्याच क्षणी तळ बाहेर आला. एकवीस वर्षांत हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा अख्खा घाणा खड्ड्यात पुरला होता. फळीवर उरलेले सातही डबे त्यांनी दाबून पाहिले. पाच तसेच निघाले. डबा न उघडता त्यांनी लिहिलं, ‘आत वायू झाला आहे. खाण्यास अपायकारक. माल परत मागवावा.’

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर हा अहवाल त्यांनी फाडून टाकला असता आणि गोष्ट इथेच संपली असती. त्यांनी तो नीट वाचला.

“चाखलंत का?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब.”

“मग बिघडलंय हे कशावरून?”

“झाकणावरून.”

“झाकण तुमच्याकडे येत नाही. तुमच्याकडे चव आणि वास.”

तरीही त्यांनी प्रश्न झटकला नाही, समिती नेमली. समितीत सात जण होते: व्यवस्थापक, भट्टीप्रमुख, झाकणप्रमुख, छपाईप्रमुख, विक्रीचे दोघं (एकमेकांशी बोलत नसल्यामुळे दोघं) आणि कायदेशीर सल्लागार. बैठक अडीच तास चालली. चहाबरोबर बिस्किटं होती (ताजी). ‘फुगीर’ हा शब्द कारखान्याच्या कुठल्याही नियमावलीत नाही हे सल्लागारांनी दाखवून दिल्यावर आधी व्याख्या करणं भाग होतं. ती अशी ठरली: ‘ज्या डब्याचे झाकण दाबल्यावर खाली जात नाही, तो फुगीर.’

व्यवस्थापकांनी सर्वांसमक्ष डबा दाबला. झाकण खाली गेलं.

“साहेब, तळ बघा,” दारापाशी उभे केलेले चाखणीस म्हणाले.

“तळावर तारीख असते. तो छपाई विभागाचा भाग आहे.”

छपाईप्रमुखांनी डबा उलटा करून पाहिला. “तारीख स्वच्छ वाचता येतेय. उलट जरा उठून दिसतेय,” ते म्हणाले.

इतिवृत्तात नोंद झाली: तपासलेले डबे आठ, फुगीर शून्य, ठळक तारखेचे सहा. घाणा बारा हजार डब्यांचा होता. त्यातले बहुतेक बाजारात गेले होते आणि नऊशे गावातल्या इस्पितळात.

त्या इस्पितळाच्या पथ्याच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती ती चाखणीसांची बायको. कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या फाइलमध्ये पत्नीपुढे ‘घरकाम’ असं लिहिलं होतं आणि फाइल नोकरीच्या पहिल्या दिवसानंतर उघडली नव्हती.

संध्याकाळी ती भाजी चिरत होती. ते समोर येऊन बसले.

“अगं, ते वाटाण्याच्या सूपचे डबे आलेत ना तुमच्याकडे? चारशे सतरा नंबरचे. वापरू नकोस.”

“का?”

“कारण सांगायला मनाई आहे मला.”

“मग मी वर काय सांगू? मुदत बाकी असलेला डबा नाकारायचा तर आमच्याकडे लेखी लागतं. द्या लेखी.”

“लेखी दिलंय मी. त्याची व्याख्या झाली.”

तिने विळी आडवी केली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. “माणसं मरतील का हो?”

“धडधाकट असतील तर दोन-चार दिवस आडवी होतील. तुझ्याकडची आधीच आडवी आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक डबा दोन्ही बाजूंनी दाबून बघू लागली. टक् वाजला की तो केरसुण्यांच्या कोपऱ्यात जाई. आठवड्यात त्रेसष्ट डबे साठले. कोठारप्रमुखाने तिला कारणे दाखवा नोटीस दिली: ‘मुदतीतील अन्न विनापरवाना बाजूला काढणे’. तिने त्याला स्वतः दाबून बघायला सांगितलं. “बाई, आपल्याकडे तारीख बघायची पद्धत आहे, दाबायची नाही,” तो म्हणाला आणि त्याने कारखान्याला पत्र लिहिलं. आपला माल एक कर्मचारी निष्कारण नाकारत आहे, तरी कृपया तज्ज्ञ पाठवून तिची समजूत काढावी. तज्ज्ञ कारखान्यात एकच होता.

चाखणीसांना गाडी मिळाली. निघताना व्यवस्थापकांनी खांद्यावर हात ठेवला. “एक चमचा घ्या, चेहरा प्रसन्न ठेवा आणि सही करा.”

स्वयंपाकघरात अधीक्षक, कोठारप्रमुख आणि पदर खोचून उभी असलेली ती. चाखणीस तिच्याकडे न बघता आत आले. कोठारप्रमुखाने कोपऱ्यातला एक डबा उघडला. डब्याने मोठा सुस्कारा सोडला आणि कोठारप्रमुखाच्या सदऱ्यावर हिरव्या ठिपक्यांची ओळ उमटली. “उकाडा फार आहे, त्यामुळे,” तो म्हणाला. मग वास आला. अधीक्षकांनी खिडकी उघडली आणि ते बाहेरची झाडं न्याहाळू लागले.

चाखणीसांनी चमचा भरला. का भरला, हे त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. त्या वासात काय आहे, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पण एकवीस वर्षं डबा उघडला की हात आपोआप जात होता, आणि आज नाही म्हटलं तर उद्या कुठे जायचं हेही डोक्यात होतं. चमचा ओठांपर्यंत आला.

“अहो,” ती म्हणाली, “ठेवा तो खाली.”

अधीक्षक खिडकीकडून वळले. “तुमची ओळख आहे?”

“सव्वीस वर्षांची,” चाखणीस म्हणाले.

अधीक्षकांनी थोडा विचार केला. “मग अडचण आहे. नात्यातल्या माणसाने केलेलं परीक्षण धरता येत नाही.”

“बरोबर आहे,” चाखणीस म्हणाले. त्यांनी भरलेला चमचा अधीक्षकांपुढे धरला. “मग नात्यात नसलेल्या कुणीतरी घ्या.”

अधीक्षकांना बैठक आठवली. त्यांनी चमचा कोठारप्रमुखाकडे सरकवायची खूण केली. कोठारप्रमुखाला दुखरी दाढ आठवली. चमचा जसा भरलेला होता तसाच परत आला आणि तिने तो मोरीत ओतून वर दोन तांबे पाणी टाकलं. दुपारपर्यंत उरलेले सगळे डबे गाडीत चढले. परत पाठवण्याचं कारण लिहिलं गेलं, ‘कोठारात जागेचा अभाव’. तिची नोटीस मागे घेतली नाही, कारण ती चुकीची होती असं कुठेच सिद्ध झालेलं नव्हतं.

घरी जाताना दोघं चालत निघाली. “घेतला असता का हो खरंच?” तिने विचारलं. त्यांनी वाटेतला एक दगड पायाने बाजूला सारला. मग म्हणाले, “तू नसतीस तर घेतला असता.” त्यावर तिने त्यांचा हात धरला. भर रस्त्यात असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

कारखान्याने या प्रकरणाचा सखोल अभ्यास केला. गेल्या एकवीस वर्षांत जेवढे बिघडलेले डबे सापडले, ते शंभर टक्के नमुना-खोलीतच सापडले होते. भट्टीत, गोदामात, मालवाहू गाडीत एकही नाही. दोष कुठे आहे हे उघड होतं. खोली बंद करण्यात आली. चाखणीसांना खोकी चिकटवण्याच्या विभागात पाठवलं. तिथे तीन आठवडे काढून त्यांनी राजीनामा दिला. हल्ली ते बायकोबरोबर इस्पितळात जातात, रोजंदारीवर भाज्या निवडतात आणि दिसेल तो डबा दोन्ही बाजूंनी दाबतात. बाजारात गेलेल्या अकरा हजारांचं काय झालं, याची माहिती उपलब्ध नाही.

नमुने ठेवणं बंद झालं म्हणून तपासणी बंद झाली, असा गैरसमज मात्र कुणी करून घेऊ नये. ती विकेंद्रित झाली आहे. आता प्रत्येक डबा खाणाऱ्याच्याच घरी तपासला जातो आणि मुदतीत लेखी तक्रार न आल्यास अभिप्राय अनुकूल धरला जातो. या हिशेबाने आपण गेल्या वर्षी सरासरी चाळीस अनुकूल अभिप्राय दिलेत, त्यातले निम्मे लेकरांच्या वतीने. कारखाना आपला आभारी आहे. आपल्यामुळे एका माणसाचा पगार वाचला.