भिवराच्या हार्मोनचा जाहीर सत्कार

मुलांनो, एका जंगलात, जिथे झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या, तिथे भिवरा नावाची रानडुकरीण राहायची. ती गाभण होती. त्या साली कंदमुळं मिळेनात. भिवराच्या बरगड्या दिसू लागल्या. पोटातली पिल्लं टिकतात की नाही, याची तिला धास्ती बसली.

ती डॉक्टर बगळ्यांकडे गेली. ते एका पायावर उभे राहून तासन्‌तास विचार करायचे, म्हणून त्यांचं नाव मोठं होतं.

"भिवराताई, अंगातली चरबी एक हार्मोन सोडते," डॉक्टर म्हणाले. "ते रक्तातून अंडाशयाला निरोप देतं, की घरात खायला आहे. मग अंडाशय गर्भ सांभाळणारं हार्मोन बनवतं. तुमचा निरोपच पोचत नाहीये."

"मग काय करू?"

"खा."

"काय खाऊ?"

हा प्रश्न डॉक्टरांच्या विषयात बसत नव्हता. त्यांनी तो वाघमहाराजांकडे धाडला.

महाराज गहिवरले. "इतकं गुणी हार्मोन आपल्या जंगलात आहे, आणि आपण त्याचा साधा सत्कारही केला नाही?"

लगोलग मांडव पडला. केळीचे खांब, झेंडूचे हार, पाहुण्यांसाठी रताळ्यांच्या टोपल्या. हार्मोन काही दिसेना, म्हणून हार भिवराच्या गळ्यात पडले. मग कोल्हा 'हार्मोन आणि आजचा तरुण' या विषयावर बोलायला उठला.

भिवराला घेरी येत होती. चारचौघांत खायचं कसं, म्हणून तिनं आधी एकच फूल चाखलं. मग हार संपला. मग रताळी. मग ती एका खांबाकडे वळली. मांडव कलला, पण कोल्हा बोलत होता आणि श्रोत्यांचे डोळे मिटलेले होते. आभारप्रदर्शनापर्यंत मांडवही उरला नाही.

समारंभ इतका रंगला, की तो दर आठवड्याला होऊ लागला. भिवरा गोल झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "निरोप पोचला."

यथावकाश गुबगुबीत पिल्लांची रांगच लागली. भिवरा एकेकाला हुंगत राहिली. तिला हसू आवरेना.

"पाहिलंत ना?" महाराज म्हणाले. "भाषणांचा परिणाम."

भिवरानं तोंडातला घास गिळला.

"होय महाराज. पुढचं भाषण कधी आहे?"

तात्पर्य: गाभणपणी अंडाशयाला उत्तम भाषणांची नितांत गरज असते. मांडव तेवढा पौष्टिक असावा.