माझ्या खात्यात कुणीतरी आजारी आहे

माझी तक्रार यांच्या नावावर लिहायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात वाईट काय, तुम्हीच सांगा. आमच्या घरात ही पद्धत जुनीच आहे. माझं डोकं दुखलं की मी औषधाच्या दुकानात जाऊन सांगते, "यांचं डोकं दुखतंय, गोळी द्या." माझी कंबर धरली की यांची धरते. मला पित्त झालं की यांना होतं. जन्मभर लोकांचे कपडे शिवून मी संसार उभा केला. कापडाच्या ठाणांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, तेही माझी मी. अशा बाईने चारचौघांत "मला होतंय" म्हणून कण्हायचं? छे! दुखणी नवऱ्याच्या नावावर असलेली बरी. (घर माझ्या नावावर आहे. त्यांच्या नावावर काहीतरी नको का?)

तर आमच्या इस्पितळाने सगळा कारभार ऑनलाइन केला. प्रत्येक पेशंटचं एक खातं. त्यात तुमचे रिपोर्ट, तुमची औषधं, तुमची सगळी दुखणी. डॉक्टरांना काही विचारायचं तर तिथेच लिहायचं, उत्तरही तिथेच येतं. मुलगी परगावाहून आली, एक टॅब देऊन गेली, दोघांची दोन खाती उघडून गेली आणि दोन्ही पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून टॅबच्या पाठीला लावून गेली. म्हणजे चोर आला तर त्याचीही गैरसोय नको.

"आई, आपापल्या खात्यातून लिहा बरं का," ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस," मी म्हणाले. इथेच सगळं बिनसलं.

आता माझी तक्रार काय होती ते सांगते. हसायचं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात एक बाई उभी राहायला लागली होती.

पहिल्यांदा दिसली ती भर दुपारी. मी खिडकीपाशी मशीनवर बसले होते. मान वर केली तर ओट्याच्या बाजूला, फडताळाला टेकून, कुणीतरी उभं. राखाडी कपडे, पायांपर्यंत. हात समोर जुळवलेले. तोंड मात्र नव्हतं. म्हणजे तोंड असायला हवं तिथे नुसतं धुक्यासारखं. मी पक्की शिंपीण, माझी नजर आधी खांद्यावर गेली. बाही अशी बसवलेली, अशी बसवलेली, की एक चुणी नाही! मला उभ्या जन्मात तशी बाही जमली नाही. घाबरण्याआधी मला तिचा हेवा वाटला, खरं सांगते.

"कोण गं तू?" मी विचारलं.

उत्तर नाही. मी उठले, पुढे गेले, तर फडताळ तेवढं उरलं.

मग ती रोज यायला लागली. आमचे हे तिच्या अगदी पुढ्यातून चहाचा कप घेऊन जायचे आणि त्यांना पत्ता नसायचा. एकदा तर त्यांना तिच्या आरपार हात घालून साखरेचा डबा काढताना पाहिलं मी. अंगावर काटा आला. डबा घेऊन ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "अगं, साखर संपली." पाठीमागून ती बघत होती. तोंड नसताना बघत होती, तेच तर भयंकर.

भुतांवर माझा विश्वास नाही. पण मग उरतं काय? डोकं फिरणं. आणि म्हातारीचं डोकं फिरलं असं एकदा खात्यात चढलं की मुलगी येणार, आधी माझी कात्री काढून घेणार, मग मशीन, मग मलाच उचलून आपल्या घरी नेणार. म्हणून मी यांचं खातं उघडलं आणि लिहिलं : "डॉक्टर, आमच्या स्वयंपाकघरात एक बाई उभी असते. मला दिसते, पत्नीला दिसत नाही. उपाय कळवावा."

उत्तर आलं : "बाई ओळखीच्या आहेत का? काही बोलतात का? पत्नीला याची कल्पना आहे का?"

मी लिहिलं : "पत्नीला सांगू नये. पत्नी खमकी आहे." (खोटं कशाला लिहा?)

यांना कळायची भीती नव्हती. आमचे हे स्वतःचं खातं कधी उघडत नाहीत. रिपोर्टात वाईट काही असलं तर न वाचलेलं बरं, असा त्यांचा सिद्धांत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत बसले. तिथेही तक्रार वाचायच्या आधीच उत्तर लिहून ठेवायचे.

मग एकदा सकाळी मी माझा साखरेचा रिपोर्ट बघायला माझं स्वतःचं खातं उघडलं.

माझ्या खात्यात माझ्या नावाने कुणीतरी लिहीत होतं.

"जिना चढताना छातीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं होतं. डावा खांदा जड होतो. थोडं थांबलं की जातं. घरी सांगितलेलं नाही. तसदीबद्दल क्षमस्व."

मी लिहिलेलं नव्हतं. मला छातीचं काही नाही, आणि क्षमा तर मी जन्मात कुणाची मागितलेली नाही. त्याच्या खाली आणखी एक : "घरचं माणूस तापट आहे, पण मनाने चांगलं आहे. त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून इथे लिहिते."

मी मान वर केली. ती उभी होती. पण आज हात जुळवलेले नव्हते. एक हात तिने आपल्या डाव्या खांद्यावर ठेवला होता.

मला घाम फुटला. माझं घर, माझं स्वयंपाकघर, आता माझं खातंसुद्धा! पासवर्ड तर टॅबच्या पाठीवरच होता. तिला वाचायला डोळे नव्हते, पण डोळे नसताना बघणारीला वाचायचं काय अवघड. माझ्या नावाने दुखणी लिहून लिहून ही बया माझी जागा घेणार आणि एक दिवस मी फडताळाला टेकून उभी असणार, आणि हे माझ्या आरपार हात घालून साखर काढणार.

"माझं नाव वापरतेस?" मी ओरडले. "आणि तापट कुणाला म्हणतेस गं?"

"कुणाशी बोलतेस?" बाहेरून यांचा आवाज आला.

"तुमच्याशी नाही!"

"मग बरं," हे म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

त्या दिवसापासून मी टॅब मशीनच्या खणात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. उघडायची माझीही छाती झाली नाही. हे दोन-तीनदा घुटमळले. "टॅब कुठाय गं?" "कशाला हवा?" "सहज." असं म्हणून नखं बघत बसले. मला वाटलं, यांना पेपर वाचून कंटाळा आला असेल.

मग इस्पितळातून फोन आला. दोघांनाही बोलावलं होतं, एकाच दिवशी. मला हृदयाच्या विभागात, यांना डोक्याच्या. आता कुठल्याही शहाण्या जोडप्याने एकमेकांना विचारलं असतं की बाबा, तुला हे काय झालं? आम्ही दोघांनी विचारलं नाही. हे माझ्याकडे बघून पांढरेफटक पडले आणि म्हणाले, "तू जायलाच हवं." मी म्हणाले, "तुम्हीही." एवढ्या वर्षांत आमचं इतकं पटकन एकमत कधी झालं नव्हतं.

इस्पितळात मला चालत्या पट्ट्यावर पळवलं. अंगाला वायरी लावून, या वयात! मशीनवाला म्हणाला, "आजी, तुमचं हृदय तरण्या पोरीचं आहे." मी म्हणाले, "जिभेबद्दलही तेच म्हणतात."

तेवढ्यात हे डोक्याच्या डॉक्टरांकडून बाहेर आले, भांबावलेले.

"काय विचारलं?"

"म्हणे, घरात एक बाई दिसते का? मी म्हटलं, रोज दिसते. कुठे? स्वयंपाकघरात. तिची भीती वाटते का?" हे जरा थांबले.

"मग?"

"मी हो म्हणालो. म्हणाले, बोलते का? मी म्हटलं, थांबतच नाही. त्यांनी बरंच काही लिहून घेतलं."

 

पुढे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना वरच्या मजल्यावर भेटायचं होतं. लिफ्टपुढे ही गर्दी! जिन्याच्या तोंडाशी एक वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन उभा होता. चांगला पोक्त माणूस. म्हणाला, "आजोबांना यात बसवा. जिना नको, निरोप आलाय."

"कुणाचा निरोप? चालता येतं त्यांना," मी म्हणाले. मी काही लिफ्टसाठी ताटकळणारी बाई नव्हे. यांचा हात धरला आणि निघाले वर.

जिना अर्ध्यात वळतो तिथे यांचं पाऊल थांबलं. मी वळून पाहिलं. हे कठड्याला टेकले होते आणि एक हात त्यांनी आपल्या डाव्या खांद्यावर ठेवला होता. अगदी तसाच. बोटंसुद्धा तशीच पसरलेली. चेहऱ्यावरचा रंग असा उडाला होता की क्षणभर तोंडाच्या जागी मला धुकंच दिसलं.

पाठीमागून येणारी माणसं अडली. हे त्यांना म्हणाले, "तसदीबद्दल क्षमस्व."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

अख्ख्या जगात असं बोलणारा एकच माणूस आहे आणि त्याच्याशी मी लग्न केलंय! माझ्या खात्यात शिरून माझ्या नावाने लिहीत होते ते हे. कारण यांच्या खात्यात मी डोकावते आणि माझ्या स्वतःच्या खात्याकडे सहसा फिरकत नाही, हे त्यांना ठाऊक. आणि मी खमकी तो टॅब कुलपात घालून बसले होते.

वॉर्डबॉय माझं न ऐकता मागोमाग आलाच होता. त्याने यांना धरलं म्हणून बरं. खाली नेऊन खाटेवर निजवलं. तिथल्या तरुण डॉक्टराने पडद्यावर यांचं खातं उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"यांच्या नोंदीत छातीचं काहीच नाही. भास होतात, घरात भीती वाटते, एवढंच आहे. घाबरून होतं असं. पडू द्या थोडा वेळ."

"छातीत दुखतं ना पण!"

"ते तुमच्या खात्यात आहे, आजी. आणि तुमची तपासणी आत्ताच झाली. ठणठणीत आहात."

हे डोळे मिटून पडले होते. ओठ निळसर. समोर ती सगळी माणसं, नर्सा, रांगेतले पेशंट, आमच्या गल्लीतली इस्त्रीवाली सुद्धा होती मेली नेमकी तिथे. मी तोंड उघडलं की माझी कात्री गेली, मशीन गेलं, अब्रू गेली. नाही उघडलं की हे गेले.

"भास मला होतात!" मी ओरडले. "मला! तोंड नसलेली बाई मला दिसते! छाती यांची आहे! आमची खाती उलटी झालीत, तुम्ही माणसं उलटी करू नका!"

सगळं इस्पितळ वळून बघायला लागलं. खाटेवरून बारीक आवाज आला, "अगं, हळू बोल. लोकांना तस..."

"क्षमस्व म्हणालात तर याद राखा!"

मग मात्र धावपळ झाली. हृदयाची एक नळी बुजत आली होती. त्याच दिवशी तिच्यात जाळी बसवली. "घरीच राहिले असते तर..." असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडलं. अर्धवट वाक्य मला एरवी चालत नाही. हे मी तसंच राहू दिलं.

मग माझी तपासणी झाली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "वेडबिड काही नाही. नजर कमी झाली की मेंदू रिकाम्या जागी आपल्या मनाने चित्रं भरतो. बऱ्याच जणांना माणसं दिसतात."

"म्हणजे ठिगळ लावतो," मी म्हणाले.

"तसंच समजा."

मोतीबिंदू काढला. बाई गेली. फडताळ नुसतं फडताळ झालं. (ती बाही तेवढी एकदा जवळून बघायला हवी होती.)

पुढे इस्पितळातल्या नोंदी सांभाळणाऱ्या मुलीने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि दोरीवरचे कपडे काढून घडी घालावी तशी एकेक ओळ वाचून विचारायला लागली. "हे कुणाचं?" "यांचं." "हे?" "हिचं." असं करत सगळं ज्याचं त्याच्या खात्यात गेलं. शेवटी माझ्या खात्यात एकच निरोप उरला. तपासणीच्या आदल्या दुपारचा. त्यावरूनच वॉर्डबॉयला जिन्यापाशी उभं केलं होतं म्हणे.

तिने वाचला : "उद्या यांना जिना चढू देऊ नका. खुर्ची ठेवा. बाई ऐकणार नाही."

"तुम्ही लिहिलंत?" मी यांना विचारलं.

"टॅब तुझ्या कुलपात होता. आणि मी लिहिलं असतं तर शेवटी क्षमा मागितली असती."

ते खरंच होतं. मी तर लिहिलेलं नव्हतंच. किल्ली माझ्या गळ्यात होती. तिथूनच मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, मला माहीत असतं तर मी निरोप कशाला पाठवीन? मी स्वतः आले नसते का?"

खोलीत थंडगार वाटायला लागलं. नोंदीवाली मुलगी एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. "मग आजी, हे कुणाच्या नावावर टाकू?"

 हे खुर्चीत मागे रेलले. जाळी बसवल्यापासून त्यांना जरा जास्तच हवा मिळते.

"राहू दे हिच्याच नावावर," ते तिला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बिचारीला तोंड नव्हतं, तरी तुझी तक्रार करून गेली."