सगळ्यात घट्ट तेल

"या आठवड्यात गाडीचं ऑइल बदलून घ्यावं लागंल," असं अंजली फोनवर कुणाशी तरी बोलत होती. ओट्यावर चहा पीत बसलेल्या साहेबरावांनी ते ऐकलं आणि कप खाली ठेवला. निवृत्त झाल्यापासून घरातल्या एखाद्या कामाला आपली गरज आहे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

जळोचीच्या कडेला त्यांचं घर आणि घरामागे सुनेची, अंजलीची रोपवाटिका. हिरव्या जाळीखाली मिरचीची, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढायची आणि अंजली स्वतः पिकअप चालवत ती गावोगावच्या शेतकऱ्यांना पोचवायची. मुलगा धम्मदीप चाकणला कंपनीत, सुट्टी मिळेल तसा घरी यायचा. बी पेरायचं काम साहेबरावांच्या बायकोनं, पुतळाबाईंनी उचललं होतं. साहेबरावांना मात्र कुणी काही करू देत नसे. पाणी मारायला गेले तर "आबा, ऊन लागंल", ट्रे उचलायला गेले तर "आबा, तुमची कंबर". सगळे इतक्या मायेनं त्यांना बसवून ठेवत, की तक्रार तरी कशाची करावी!

"मी बदलतो ऑइल," ते पुतळाबाईंना म्हणाले.

"कुठलं घालायचं ते अंजलीला इचारा आधी."

"तिला कशाला तरास? बदललं की तिला दिसंलच."

पुतळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पण जाळीखाली पाणी चालू राहिलं होतं, म्हणून त्या लगबगीनं तिकडे गेल्या. तिथेच विषय संपला.

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात साहेबरावांनी सगळी नोकरी दूध तपासण्यात काढली होती. कॅनचं झाकण उघडताच दुधात पाणी आहे की नाही, हे ते नुसत्या नजरेनं ओळखत. पातळ दिसलं की परत. कुणाची ओळख नाही, कुणाचा वशिला नाही. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. घट्ट ते चांगलं, पातळ ते भेसळीचं. आता हाच नियम घेऊन ते दोन दिवसांनी बारामतीतल्या ऑइलच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

"गाडी कुठली?" दुकानदारानं विचारलं.

"पिकअप."

"डिझेल का गॅस?"

"गॅसची."

"ग्रेड कुठला लागतो?"

साहेबरावांनी कपाटातल्या डब्यांवरून सावकाश नजर फिरवली. डब्यांवर आकडे होते, मधेच इंग्रजी अक्षरं होती. "यातलं सगळ्यात घट्ट कुठलं?"

"घट्ट म्हणाल तर हे. पण काका, हे ट्रॅक्टरला नेत्यात लोक."

"ट्रॅक्टरला काम जास्त, का पिकअपला?"

"ट्रॅक्टरला."

"मग त्याला जे चालतं ते हिला जड जाईल का?"

दुकानदार जरा विचारात पडला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यानं डबा काढून दिला. साहेबरावांनी आणखी एक घेतला. कमी पडायला नको.

अंजली दुपारी स्कूटीवरून बियाणं आणायला गेली, तेव्हा साहेबरावांनी बिरदेवला हाक मारली. बिरदेव त्यांचा शेजारी आणि नोकरीतला सोबती. त्याच्या वडिलांच्या काळात घरी मेंढरं होती. आता थोडी शेती आणि चार शेळ्या होत्या. ट्रॅक्टरचं ऑइल त्यानं बऱ्याचदा बदललं होतं आणि पिकअपलाही चाकं चारच असतात, एवढं त्याला पुरेसं होतं. तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. खाली घमेलं लावलं. बोल्ट सैल झाला आणि तेलाची धार लागली.

दोघेही वाकून बघत राहिले. तेल मधासारखं होतं. पिवळसर, नितळ, घमेल्याचा तळ दिसत होता.

"ह्याचा तर रंगच गेलाय," बिरदेव हळूच म्हणाला. "आमच्या ट्रॅक्टरचं काढलं की काळंभोर निघतं."

साहेबरावांनी बोट बुडवलं. अंगठ्यावर घासलं. वास घेतला. नोकरीत कॅन परत पाठवताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला.

"पाणी झालंय ह्याचं," ते म्हणाले. "बिरदेव, ही पोर असल्या तेलावर गाडी चालवत होती. एवढ्या लांब. एकटी."

त्यांनी मान हलवली. बिरदेवनंही मान हलवली. अशा वेळी माणूस दुसरं काय करणार?

मग त्यांनी नवं तेल ओतलं. जाड, संथ, पळीनं वाढल्यासारखं पडणारं. एक डबा संपल्यावर बिरदेव म्हणाला, "बास का?" साहेबराव म्हणाले, "इतके दिवस उपाशी हाय ती." दुसराही बराचसा आत गेला. काढलेलं तेल बिरदेवनं घरी नेलं आणि शेळ्यांच्या गोठ्याच्या खांबांना फासलं. वाळवीला बरं असतं म्हणून.

अंजली आली तेव्हा साहेबराव हात धुऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी काही सांगितलं नाही. उद्या गाडी जोरात पळाली, की ती आपणहून विचारील आणि मग सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी निमगाव केतकीला मिरचीची रोपं पोचवायची होती. तिथल्या मळेवाल्या सारजाबाईंनी सरी पाडून, ठिबक अंथरून, बायका लावून ठेवल्या होत्या. एवढी मोठी मागणी अंजलीला पहिल्यांदाच आली होती. वेळेत रोपं गेली तर आसपासचे मळेवालेही विचारणार होते. साहेबराव ठेवणीतला सदरा घालून पुढच्या सीटवर बसले. बिरदेवही कडेला मावला.

"तुमी दोघं कुठं निघालात?" अंजलीनं विचारलं.

"सहज," साहेबराव म्हणाले.

गाडी सुरू व्हायलाच वेळ लागला. चढाला ती कण्हायला लागली. "आज लई जड चाललीय," अंजली स्वतःशीच पुटपुटली. साहेबराव समोर बघत राहिले. जड म्हणजे दमदार असेल, असं त्यांनी मनाला सांगून पाहिलं. अंथुर्णं मागे पडलं आणि आरशात रस्ता दिसेनासा झाला. मागे निळसर पांढऱ्या धुराचा डोंगर उठला होता. इंजिन दोनदा ठसकलं आणि एका चहाच्या टपरीपुढे बंद पडलं.

"गॅसची गाडी हाय! लांब व्हा!" कुणीतरी ओरडलं. टपरी बघता बघता रिकामी झाली. चहावाला गिऱ्हाइकाचा भरला कप हातात घेऊनच पळाला. अंजलीनं शांतपणे गॅसची टाकी बंद केली, खाली उतरून वास घेतला. "गॅस न्हाय, तेल जळतंय," ती लोकांना म्हणाली. मग ऑइलची काडी ओढून बघितली, पुसली, पुन्हा बुडवून बघितली. काडीवर जिथवर तेल असायला हवं, त्याच्या कितीतरी वरपर्यंत ते चढलेलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "परवाच तर मी एमआयडीसीतल्या गॅरेजात ऑइल बदलून आणलं. नवंकोरं. गाडीत हे काय आलं?"

साहेबरावांनी सदऱ्याचं बटण चाचपलं. बिरदेव मात्र गोठ्याचे खांब आठवून डोळे मिटून उभा राहिला.

"बोला की, आबा."

"ते पातळ होतं, पोरी," साहेबराव कसंबसं म्हणाले. "मला वाटलं, खराब झालंय."

"आबा, ह्या गाडीला पातळच लागतं."

ती एवढंच म्हणाली. ओरडली असती तर साहेबरावांना सोपं गेलं असतं. ऊन चढत होतं. पाठीमागे ट्रेमधली रोपं माना टाकायला लागली होती. साहेबरावांनी टपरीवरून बादली मागून आणली आणि ओंजळीनं एकेका ट्रेवर पाणी शिंपडायला लागले. या वेळी कुणी त्यांना ऊन लागेल म्हटलं नाही.

अंजलीनं फोन केला तशा सारजाबाई ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आल्या. धूर कसला, गाडी का बंद पडली, त्यांनी काही विचारलं नाही. "आधी रोपं," म्हणाल्या. सगळ्यांनी मिळून ट्रे ट्रॉलीत चढवले. पिकअप दोरानं मागे बांधली. पुढे ट्रॅक्टर मजेत धडधडत चालला होता. कुठलं तेल त्याला मानवतं, ते साहेबरावांना ठाऊक होतं.

रोपं मळ्यात उतरली, बायका सरीत बसल्या आणि पहिली ओळ लागल्यावरच अंजलीनं सुस्कारा सोडला. मग गाडी निमगावच्या सुयोग मिस्त्रीकडे ओढत नेली. गॅरेजपुढे बाजारची माणसं जमली होती. सुयोगनं बोल्ट काढला. जाड तेलाचा लोळ घमेल्यात पडत राहिला, संपेचना.

"हे कुणी घातलं?" सुयोग मोठ्यानं म्हणाला. "हे ट्रॅक्टरचं हाय. अन् एवढं? वाढदिवस होता का गाडीचा?"

माणसं हसली. साहेबराव पुढे सरकणार, तोच अंजली बोलली, "मीच घातलं. चुकून."

"ताई, न्हाय कळत तर इचारायचं कुणाला तरी. घरात कुणी मोठं माणूस न्हाय का?"

"हाय की," अंजली म्हणाली.

सुयोगची नजर साहेबरावांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर गेली. त्याचा आवाज अदबीचा झाला. "आबा, तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं जरा लक्ष घालायला पाहिजे गाडीत."

अंजलीनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. बिरदेव गॅरेजच्या पत्र्याकडे अतिशय गंभीरपणे बघत होता. साहेबरावांनी घसा साफ केला, घमेल्याकडे बोट दाखवलं.

"घातलं होतं, बाबा," ते म्हणाले. "तू आता काढतोयस, ते माझंच लक्ष हाय."