ड्यूकसाहेब आणि अडीच मीटरची चौकट

हॅडलबरी परिसर फुलपाखरू व पतंग संवर्धन मंडळाची साप्ताहिक गणना उन्हाळ्यात दर बुधवारी होते. गणना करणाऱ्याने टेकडीच्या उतारावरच्या ठरलेल्या पायवाटेने संथ चालायचं आणि आपल्यासोबत एक अदृश्य चौकट चालते आहे असं मानायचं: डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर, समोर पाच. या चौकटीत जे फुलपाखरू येईल ते मोजायचं. चौकटीबाहेर जे असेल ते शास्त्रीयदृष्ट्या नसतं. मागचंही नसतं. मागे वळून बघणाऱ्याकडे मंडळात जरा संशयानेच बघतात.

रोझलिंड थर्लो ही डाकघरातून निवृत्त झालेली बाई कित्येक वर्षं ही चौकट निमूटपणे वागवत आली होती. यंदा मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. नगरपालिका हा उतार सपाट करून तिथे वाहनतळ बांधणार होती. आता यात नगरपालिकेला तरी काय बोलणार? मागणी मंडळाचीच होती. फुलपाखरं बघायला येणाऱ्या सभासदांना गाड्या लावायला जागा नाही, ही तक्रार मंडळ दर वर्षी न चुकता करत असे, आणि अखेर ती ऐकली गेली होती.

सुटकेची एकच वाट होती. "यंदाच्या गणनेत 'ड्यूक ऑफ बर्गंडी' हे दुर्मिळ फुलपाखरू एकदा जरी नोंदलं गेलं, तर आम्ही उताराला हात लावणार नाही," असं पालिकेच्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं.

ड्यूक होता. रोज होता. नाव एवढं भारदस्त, पण जीव टपालाच्या तिकिटाएवढा, तपकिरी-केशरी. एकदा झुडूप पसंत पडलं की हा गृहस्थ दिवसचे दिवस तिथेच बसून राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळे वटारतो, बड्या घराण्यांची रीतच ती. त्याने पसंत केलेलं झुडूप पायवाटेच्या डावीकडे होतं.

मंडळाचे अध्यक्ष नेव्हिल गॉस्लिंग यांनी मोजपट्टी ताणली.

"तीन मीटर," ते म्हणाले. "दिसतोय खरा. पण नाहीये."

"अहो नेव्हिल, मी एक पाऊल डावीकडे सरकते की!"

"आणि तीस वर्षांच्या आकडेवारीचं काय? तुम्ही सरकलात की आलेख सरकला."

"आलेख सरकेल, पण उतार तर वाचेल ना!"

"रोझलिंड, उतार काय, येतात नि जातात," नेव्हिल शांतपणे म्हणाले. "आलेख राहतो."

प्रश्न कार्यकारिणीपुढे गेला. ड्यूकची मादी ज्यावर अंडी घालते ती पिवळी काउस्लिपची फुलं चौकटीच्या आत लावावीत, अशी सूचना रोझलिंडने केली. हे आमिष ठरेल, आणि लाच घेऊन आलेलं फुलपाखरू मंडळाला मोजता येणार नाही, असं ठरलं. पायवाट बदलणं म्हणजे नवी गणना, आणि नव्या गणनेला दहा वर्षं झाल्याशिवाय कोणी विचारत नाही. शेवटी चौकटीबाहेरची निवासव्यवस्था कमी करण्याचा ठराव एकमताने संमत झाला. म्हणजे ड्यूकचं झुडूप तोडायचं. बेघर झाला की झक मारत आत येईल! रोझलिंडनेही हात वर केला. तिच्यापुढे दुसरा उपाय उरला नव्हता.

एका झुडपासाठी वीस स्वयंसेवक आले. सगळ्यांना शिरस्त्राणं, हातमोजे आणि झगझगीत पिवळी जाकिटं. करवत चालवण्याचा परवाना असलेला एकच होता, म्हणून बाकीचे एकोणीस सुरक्षित अंतरावर उभे राहिले. ते सुरक्षित अंतर नेमकं झुडपाजवळ आपोआप उगवलेल्या काउस्लिपच्या ताटव्यात येत होतं. मंडळाची सभासद मॉर्वेना हिने सगळ्यांना चहा आणि लिंबाचा केक दिला. कार्यक्रम उत्तम झाला असं सगळ्यांचंच मत पडलं.

पुढच्या बुधवारी रोझलिंड पायवाटेने निघाली. मागून नेव्हिल निरीक्षक म्हणून येत होते. अर्ध्या वाटेवर ते कुजबुजले, "हलू नका!"

"काय झालं?"

"ड्यूक. तुमच्या पाठीवर बसलाय."

रोझलिंड जागच्या जागी थांबली. "मग मोजा ना!"

"पाठ चौकटीत येत नाही हो."

"अहो, माझी नाही येत, पण तुमच्या समोरच आहे ना तो? तुम्ही मोजा!"

नेव्हिल लाल झाले. क्षणभर त्यांनाही मोह झाला असावा. "मी निरीक्षक आहे," ते कष्टाने म्हणाले. "निरीक्षक बघतो. मोजत नाही."

रोझलिंडने हळूच खांदा झटकला. ड्यूक उडाला, तिच्या नाकासमोरून गेला आणि पायवाटेवरच्या गवतावर, चौकटीच्या ऐन मधोमध, पंख पसरून बसला.

"एक!" रोझलिंड ओरडली. "एक, एक, एक!"

नेव्हिलनी आधी आभाळाकडे आणि मग तापमापकाकडे पाहिलं. "ढग आला, रोझलिंड. साडेबारा अंश झालंय. तेराच्या खाली गणना आपोआप थांबते. आत्ता इथे कोणीच फुलपाखरू बघत नाहीये."

ती तिथेच ओल्या गवतात बसली आणि ढसाढसा रडली. दुःखापेक्षा संतापच जास्त होता. ऊन परत येईपर्यंत ड्यूक निघून गेला होता, आणि त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही.

अहवालात ड्यूकपुढे शून्य पडलं. तीस वर्षांत एकही नियम न मोडल्याबद्दल मंडळाला चषक मिळाला आणि वाहनतळाचं उद्घाटन नेव्हिलच्याच हस्ते झालं. प्रवेशद्वारावर ड्यूकचं माणसाएवढं चित्र आहे. बुधवारची गणना आता डांबरावरून होते. "बूट तरी कोरडे राहतात गं," असं मॉर्वेना म्हणते, आणि ते खरंच आहे.

एका रविवारी गळ्यात दुर्बिणी अडकवलेलं एक जोडपं वाहनतळावर गाडी लावून तिथे उभ्या असलेल्या रोझलिंडकडे आलं.

"इथे ती फुलपाखरं दिसतात ना?" नवऱ्याने विचारलं.

"दिसायची."

"मग आता कुठे जायचं?" त्याचा चेहरा खरोखरच पडला होता.

रोझलिंडला राहवलं नाही. "बारा मैलांवर एक गाव आहे. तिथल्या उतारावर अजून आहेत ड्यूक. फारसं कोणाला ठाऊक नाही. शेवटचा मैलभर चिखलातून चालावं लागतं."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे तिथे पार्किंग नाही?" बायकोने विचारलं.

"नाही."

"अरेरे! मग कोणी मागणी का नाही करत? आम्ही सही करू की. काय नाव म्हणालात गावाचं?"

रोझलिंडने नाव सांगितलं नाही. इथेही ते दिलेलं नाही. वाचक निसर्गप्रेमी आहेत याची पूर्ण कल्पना आहे, म्हणूनच दिलेलं नाही.