साहेबांच्या गाडीखाली हुलगा

"दिशा? मी दावतो की दिशा! आजपतूर माझी गाडी कवा चुकली का?" ज्ञानूनं छाती फुगवून साहेबांना सांगितलं, आन् तिथंच माशी शिंकली!

ज्ञानू कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत साहेबांचा ड्रायव्हर, पण कंत्राटी. साहेबांनी नुकतीच परदेशी गाडी घेतलेली. तिच्या आरशात दिशा दाखवणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र होतं, आणि ते पार चळलं होतं. पुण्याचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, "बटण दाबा, मोकळ्या रानात, लोखंडापासून लांब, सावकाश गोल चकरा मारा. आपोआप सेट होईल."

"उद्या सकाळी नव्या गेटची पूजा आहे," साहेब म्हणाले. "गेट बरोब्बर पूर्वेला पाहिजे. ह्याच यंत्रावर खुंट्या ठोकायच्या. एवढं नीट केलंस, की तुझी पर्मनंटची ऑर्डर देतो."

पर्मनंट! त्या एका शब्दापायी बिचाऱ्यानं साहेबांच्या कुत्र्यालासुद्धा 'अहो' म्हटलं होतं.

मोकळी रानं कुरकुंभला काय कमी होती? पण अशी गाडी सासुरवाडीला दाखवल्याशिवाय जावयाचा जीव कसा थंड होणार! ज्ञानूनं ती थेट पाटसजवळ सासूच्या खळ्यात घातली आणि गोल फिरवायला लागला. सासू सारजाबाई आधी बघतच राहिली. मग तिला गहिवरून आलं.

"अगं बया! जावई मळणीला आलं!" म्हणत तिनं चाकाखाली हुलग्याचा भारा पसरला.

"मामी, मळणी न्हाई वो! यंत्र..."

"थांबू नगा! शेंगा फुटाय लागल्यात!"

सासूला नाही म्हणायची छाती कुणाची? शेजारची भागुबाईही आपला हुलगा घेऊन धावली. कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर गंमत बघायला ट्रॉल्यांसकट खळ्याभोवती कडं करून उभे राहिले. चहूकडं लोखंडच लोखंड! शेवटी आरशात दिशेचं हिरवं अक्षर लागलं. "झालं सेट!" म्हणत ज्ञानू सासूकडं जेवून, ढेकर देत परतला.

सकाळी दाट धुकं. यंत्रानं पूर्व दाखवली, गुरुजींनी मंत्र म्हटले, साहेबांनी स्वतः खुंट्या ठोकल्या, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग धुकं फाटलं, आणि ऊन सगळ्यांच्या पाठीवर पडलं!

"साहेब, ही तर पश्चिम!" गुरुजी पुटपुटले.

साहेब यंत्र बघायला तडक गाडीकडं गेले, तर चाकापाशी भुसा दिसला; ते खाली वाकले. सायलेन्सरला हुलग्याची काडं लोंबत होती.

"माझ्या गाडीनं मळणी केलीस?"

"सासूनं केली, साहेब!"

पाहुणे खो खो हसले. साहेबांनी खिशातली तयार ऑर्डर सगळ्यांसमोर टराटरा फाडली आणि उद्यापासून तोंड दाखवू नकोस म्हणाले. इतक्या वर्षांच्या चाकरीचा एका सकाळीत भुगा! एक माणूस मधे पडला नाही.

ज्ञानू दौंडला घरी आला, तर बायकोनं, धुरपदानं, दारातच त्याच्या तोंडात पेढा कोंबला. आज ऑर्डर मिळणार म्हणून पेढे गल्लीभर वाटून झाले होते. पेढा गिळायच्या आत शेजारचे म्हातारे तात्याबा पुढं सरकले.

"ज्ञानू, तू आता पर्मनंट! आमच्या खंडूला चिकटव की तिथं."

खरं सांगायला ज्ञानूनं तोंड उघडलं. समोर धुरपदा नवी साडी नेसून, डोळे भरून त्याच्याकडंच बघत होती.

"बघू की तात्या," ज्ञानू म्हणाला. "साहेबांच्या कानावर घालतो."